बेच्या पाढ्याइतका वेळ



दर आठवड्याला मी तुम्हाला माझ्या वर्गातल्या गमती सांगते. मुलांच्या चुका सांगते आणि त्या कशा सुधारल्या तेही सांगते. आज ज्या चुकीची गोष्ट सांगणार आहे ती मात्र कुठल्या मुलाची नाही. ती आहे खुद्द बाईंची! हसू नका. आधी ऐका तर खरं.

मागच्या वर्षी मी चारचाकी चालवायला शिकले. परवाना हातात आला तेव्हा कोण आनंद झाला होता मला! एका शनिवारी संध्याकाळी महिन्याचं वाणसामान आणायला मी एकटीच गाडी घेऊन निघाले. आमच्या भागात एक मोठा बाजार आहे. बाजार म्हणजे मंडई नव्हे हं! वर तीन मजले दुकान, आत ढकलायच्या ट्रॉल्या आणि खाली तळघरात गाड्या लावायची जागा, म्हणजे पार्किंग. महिन्याचा पहिला शनिवार. गर्दी तर अशी की विचारू नका!

जागा शोधत मी दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला लांबवर एक गाडी बाहेर निघताना दिसली. ‘मिळाली!’ असं म्हणत मी गाडी दामटली. तेवढ्यात दोन खांबांच्या मधून एक आजी आल्या. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात नातवाचा हात. त्या वाटेच्या अगदी मधोमध आणि समोर माझी गाडी. मी ब्रेक दाबला, ते बरंच केलं. पण त्याबरोबर हॉर्नही दाबला. एकदा नाही, दोनदा.

तळघरात हॉर्न कसा वाजतो, ठाऊक आहे ना? भिंतीवर, छतावर, जमिनीवर आपटून तो पुन्हा पुन्हा कानावर येतो. आजी दचकल्या. एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे, असं करत जागीच उभ्या राहिल्या. पिशवी हातातून सुटली. दह्याचा डबा उलटला. मागच्या गाडीवाल्याने मला हॉर्न दिला. नातवाने पिशवी उचलली, आजीचा हात धरला आणि दोघं कशीबशी बाजूला झाली.

आणि बाई? काच खाली करून ‘आजी, लागलं का हो?’ एवढं विचारायला काय हरकत होती? पण नाही. ती जागा दुसऱ्या कुणी घेतली असती ना! बाई पुढे निघून गेल्या. जागा मिळाली, सामान घेतलं, घरी आले आणि सगळं विसरूनही गेले.

सोमवारी चौथीच्या वर्गात परिसर अभ्यासाचा तास होता. मी फळ्यावर झेब्रा क्रॉसिंगचं चित्र काढलं. ब्रिटनमध्ये १९५१ साली हे काळे-पांढरे पट्टे कायद्यात आले आणि तिथून जगभर पसरले, अशी माहिती सांगितली. आपल्याकडे २०१७ साली केंद्र सरकारने वाहन चालवण्याचे नवे नियम काढले. जिथे सिग्नल किंवा पोलीस नाही अशा पट्ट्यांजवळ आल्यावर चालकाने वेग कमी करावा, थांबावं आणि पायी चालणाऱ्यांना, चाकाच्या खुर्चीवरून जाणाऱ्यांना आधी जाऊ द्यावं, असं त्यात म्हटलं आहे. तेही सांगितलं. मग ठसक्यात विचारलं, “मग मुलांनो, आधी कोण जाणार?”

“पादचारी!” सगळा वर्ग ओरडला.

मागच्या बाकावरून एक हात वर आला. त्याचं खरं नाव मी सांगणार नाही. आपण त्याला बंड्या म्हणू.

“बाई, पार्किंगमध्येसुद्धा?”

“हो तर! का रे?”

बंड्या उभा राहिला. बाकाच्या कडेवर बोट फिरवत हळूच म्हणाला, “मग शनिवारी तुम्ही आमच्या आजीला हॉर्न का वाजवलात?”

वर्ग एकदम चिडीचूप. मला वाटलं, हातातला खडू गळून पडतोय की काय! तेव्हा कुठे मला आठवलं, आजींचा हात धरलेला तो मुलगा. गाडीतून मी त्याच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. मला दिसला होता फक्त एक अडथळा. पण त्याला मात्र बाई दिसल्या होत्या.

काय उत्तर देणार? घाईत होते, असं म्हणावं? रोज उशिरा येणाऱ्या मुलांना मी काय सांगते ते आठवलं. मी म्हटलं, “बंड्या, माझं चुकलं. आजी न्यायला येतील तेव्हा मी त्यांनाही सांगणार आहे. बस खाली.”

शाळा सुटल्यावर आजी फाटकाशी उभ्या होत्या. मी जाऊन सगळं सांगितलं. म्हटलं, “आजी, परवा गाडीत मी होते. मला क्षमा करा. दही सांडलं तुमचं.”

आजी हसल्या. म्हणाल्या, “अहो बाई, दह्याचं काय घेऊन बसलात! पण एक सांगू? गाडी मला दिसली नव्हती असं नाही. दिसली होती. आमचे गुडघे असे, पाय भराभर उचलत नाहीत. आणि हॉर्न वाजला ना, की पुढे जावं की मागे, तेच कळेनासं होतं. तुम्ही नुसत्या थांबला असतात, तर मी गेलेच असते.”

मुलांनो, हॉर्न वाजवला की माणूस लवकर बाजूला होतो, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात घाबरलेला माणूस थबकतो. म्हणजे ज्या घाईपायी मी हॉर्न वाजवला, त्याच हॉर्नमुळे मला जास्त वेळ थांबावं लागलं!

ग्राउंडवरचे तीन प्रयोग

दुसऱ्या दिवशी मी मुलांना म्हटलं, “चला, पाठ्यपुस्तक मिटा. आज आपण ग्राउंडवर पार्किंग करायचं.” मोठ्या सरांची पांढरी गाडी कडुलिंबाखाली उभी होती. सरांनी परवानगी दिली. हॅन्डब्रेक ओढला, चाकांना पुढून-मागून विटा लावल्या आणि किल्ली आपल्या खिशात ठेवली. (हा प्रयोग तुम्ही एकट्याने करायचा नाही बरं का! मोठं माणूस सोबत हवं, गाडी बंद हवी आणि किल्ली गाडीबाहेर हवी.)

पहिला प्रयोग होता ‘बाईंना कोण दिसतं?’ मी चालकाच्या जागेवर बसले आणि आरशात पाहू लागले. पहिलीतली एक चिमुरडी गाडीच्या मागे येऊन उभी राहिली. मला काय दिसलं? लाल रिबिनी! चेहरा नाही, हात नाहीत, नुसत्या रिबिनी. मग मी म्हटलं, “आता खाली बसून बुटाची नाडी बांध बघू.” ती खाली बसली आणि गायब झाली. आरशात फक्त ग्राउंड आणि पलीकडची भिंत. ती एकेक पाऊल मागे सरकून बसत गेली. मोठ्या माणसाची सात-आठ पावलं होतील इतकी लांब गेली, तेव्हा कुठे तिचं डोकं मला दिसायला लागलं. गाडीच्या पुढेही तेच. बॉनेटला अगदी लागून बसलेला मुलगा मला मुळीच दिसेना. दोन पावलं पुढे सरकून बसला तेव्हा दिसला.

मग मी एकेका मुलाला माझ्या जागेवर बसवलं आणि त्यांनाही पाहायला लावलं. बंड्या बाहेर येऊन म्हणाला, “बाई, मला वाटायचं, आपल्याला गाडी दिसते म्हणजे गाडीलाही आपण दिसतो.”

हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवलं. तुम्हीही वहीत लिहून ठेवा. आपल्याला गाडी दिसते, म्हणजे गाडीवाल्याला आपण दिसतोच असं नाही.

काही जण म्हणतील, “बाई, आमच्या गाडीला मागे सेन्सर आहे. टूं टूं वाजतो.” खरं आहे. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचा सेन्सर सक्तीचा झाला. काही गाड्यांना कॅमेराही असतो. पण त्याआधीच्या कितीतरी गाड्या रस्त्यावर आहेत. कॅमेऱ्याच्या काचेवर पावसाळ्यात चिखल बसतो. शिवाय टूं टूं ऐकून पाय ब्रेकवर न्यायचा तो माणसानेच ना? सेन्सर मदतनीस आहे. डोळे वळवून मागे पाहण्याचं काम त्याच्यावर सोपवता येत नाही.

दुसरा प्रयोग गणिताचा. सातवीचे दादा-ताई मदतीला आले. गाडी ताशी २० किलोमीटर वेगाने चालली आहे. रस्त्यावर हा वेग काहीच वाटत नाही. एका सेकंदात ती किती जाईल? २० किलोमीटर म्हणजे २०,००० मीटर, एक तास म्हणजे ३,६०० सेकंद. भागाकार करा. उत्तर साधारण साडेपाच मीटर. आता समोर अचानक कुणी आलं, तर डोळ्यांनी पाहून, मेंदूने ठरवून, पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधीच गाडी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. पार्किंगमधली एका गाडीची जागा साधारण अडीच मीटर रुंद. तशा दोन जागा ओलांडून गेली की हो! मग ब्रेक लागून थांबायला आणखी अंतर हवं ते वेगळंच.

तोच वेग ताशी ५ किलोमीटर ठेवला, म्हणजे आपण चालतो तेवढा, तर त्या एका सेकंदात गाडी दीड मीटरही जात नाही. आता लक्षात आलं, पार्किंगमध्ये ‘सावकाश’ अशी पाटी का लावतात? तिथे प्रत्येक खांबाआडून, प्रत्येक दोन गाड्यांच्या फटीतून माणूस येऊ शकतो. रस्त्याला निदान फुटपाथ असतो. पार्किंगमध्ये गाडीची वाट आणि माणसाची वाट एकच.

तिसरा प्रयोग सगळ्यात मजेचा. पार्किंगमधली गाड्यांची वाट साधारण सहा मीटर रुंद धरली आणि चुन्याने दोन रेषा आखल्या. मुलांना सांगितलं, “आता आजींसारखं चालत ही वाट ओलांडायची. एका हातात दप्तर, दुसऱ्या हाताला पहिलीतलं एक मूल.” मी घड्याळ लावून उभी राहिले. कुणाला आठ सेकंद लागले, कुणाला दहा, कुणाला अकरा. धरून चाला दहा सेकंद.

“दहा सेकंद म्हणजे किती रे?” मी विचारलं.

कुणी म्हणालं, “खूप.” कुणी म्हणालं, “एवढुसे.” बंड्याने मात्र एक युक्ती काढली. तो म्हणाला, “बाई, मी पाढा म्हणून बघतो.” आणि त्याने सुरुवात केली, “बे एके बे, बे दुणे चार...” बे दाही वीस झालं आणि मी घड्याळ पाहिलं. बरोबर दहा सेकंद!

म्हणजे आजींना सुखरूप पलीकडे जाऊ द्यायला मला किती वेळ लागला असता? बेच्या पाढ्याइतका. आणि तेवढ्यासाठी मी त्यांना घाबरवलं, दही सांडवलं आणि माझ्याच विद्यार्थ्यासमोर खाली मान घालायची वेळ स्वतःवर आणली.

पार्किंगमध्ये आपण काय करायचं?

तुम्ही म्हणाल, “बाई, आम्ही काही गाडी चालवत नाही. मग आम्हाला कशाला सांगता?” अरे, पायी चालणारे तर तुम्हीच आहात! तेव्हा तुमच्यासाठी पाच गोष्टी.

पहिली : पार्किंग म्हणजे ग्राउंड नव्हे. गाडीतून उतरलात की पळायचं नाही. लहान भावंडांनी मोठ्यांचा हात धरायचा आणि मोठ्या भावंडांनी ‘मला नको’ असं न म्हणता तो धरू द्यायचा.

दुसरी : दिव्यांकडे पाहा. उभ्या गाडीचा मागचा पांढरा दिवा लागला, की समजा तिने मागे यायचा गिअर टाकला आहे. अशा गाडीच्या मागून जायचं नाही, थांबायचं. आणि कानावर विसंबू नका. विजेवर चालणारी गाडी हळू जाताना इतका कमी आवाज करते की जवळ आली तरी कळत नाही.

तिसरी : गाडीच्या मागे किंवा पुढे बसून नाडी बांधू नका. पडलेला चेंडू, पडलेलं नाणं उचलायला वाकू नका. आधी मोठ्यांना सांगा. लाल रिबिनीवाली आठवते ना?

चौथी : ट्रॉली. ही चाकांची ट्रॉली १९३७ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा शहरात सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराने आणली. दोन हातांत मावेल तेवढंच सामान लोक घेतात, हे पाहून त्याने ती काढली. आता आपण ती इतकी भरतो की ढकलणाऱ्याला पुढचं दिसतच नाही! तेव्हा एकाने ढकलावी आणि एकाने बाजूने चालत वाट पाहावी. उतारावर ट्रॉली सोडून देऊन तिच्यामागे धावण्याचा खेळ तर अजिबात नको. सामान डिकीत ठेवलं, की ट्रॉली तिच्या जागी नेऊन लावा. वाटेत सोडलेली ट्रॉली चुकवायला पुढच्या आजींना गाड्यांच्या मध्ये उतरावं लागतं.

पाचवी : वाट ओलांडण्याआधी चालकाच्या डोळ्यांकडे पाहा. त्याची-तुमची नजर मिळाली आणि गाडी पूर्ण थांबली, की मग चला. तो थांबला, तर हात वर करा किंवा मान लववा. ‘थँक्यू’ ऐकू गेलं नाही तरी हात दिसतो. माझा अनुभव सांगते, ज्याला एकदा असा हात मिळतो, त्याला पुढच्या वेळी थांबावंसं वाटतं.

आणि हो, तिथे शिट्टी घेऊन उभे असतात ते काका. ‘येऊ द्या, येऊ द्या... बास!’ असं म्हणत दिवसभर धुरात आणि गोंगाटात उभे राहतात. त्यांनी ‘थांबा’ म्हटलं तर थांबायचं. जाताना त्यांच्याकडे पाहून हसायला पैसे पडत नाहीत.

आठवी-नववीच्या दादा-ताईंनाही दोन शब्द. घरची स्कूटर घेऊन ‘फक्त पार्किंगमधून काढून आणतो’ असं म्हणणारे मला माहीत आहेत! आपल्या कायद्याप्रमाणे १६ वर्षं पूर्ण झाल्यावर ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा परवाना मिळू शकतो. बाकी मोटारसायकल, मोटार यांना १८ वर्षं पूर्ण व्हायला हवीत. २०१९ साली कायदा आणखी कडक झाला. अल्पवयीन मुलाच्या हातून गाडी चालवताना गुन्हा घडला, तर पालकांना किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाबांनी किल्ली दिली, तरी तुम्ही ‘नको’ म्हणा.

पालकांसाठी चार ओळी

हे पान तुमचे आई-बाबाही वाचतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून आता थोडं त्यांच्याशी बोलते.

आई-बाबांनो, मी काही तुम्हाला शिकवण्याच्या जागेवर नाही. माझी गोष्ट तुम्ही वाचलीतच. फक्त मी स्वतःसाठी जे ठरवलं ते सांगते.

भर उन्हातून तळघरात शिरलं, की डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला काही मिनिटं लागतात. त्या वेळात सावलीतला माणूस दिसतच नाही. म्हणून उताराच्या तोंडाशीच मी गॉगल काढते, दिवे लावते आणि वेग चालण्याइतका करते. शक्य असेल तिथे गाडी लावतानाच उलटी लावते. म्हणजे निघताना तोंड पुढे असतं आणि येणारी माणसं समोर दिसतात. मागे घ्यायचीच असेल, तर आधी उतरून एकदा मागे पाहून येते. तोंडी लावलेला फोन गाडी थांबल्यावरच. निळ्या पाटीवर चाकाच्या खुर्चीचं चित्र असलेली जागा ‘दोनच मिनिटं’ म्हणूनही घेत नाही. ती दोन मिनिटं कुणाला तरी लांबून कुबड्यांवर चालत यावं लागतं.

आणि जागेसाठी धावायचं नाही. गाडी जरा लांब लावावी लागली तर काय बिघडतं? शेवटी गाडीतून उतरलं की आपणही पायीच चालणार. अर्ध्या मिनिटापूर्वी ज्याला हॉर्न दिला, त्याच्याच शेजारून लिफ्टपर्यंत जायचं असतं.

पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवून ‘पादचारी दिन’ साजरा केला. एरवी अंग चोरून चालायचं तो रस्ता, त्यावरून त्या दिवशी लोक मधोमध चालले. फार छान कल्पना! पण तळघरातल्या पार्किंगला असा दिवस कोण देणार? तिथे सिग्नल नाही, बहुतेक ठिकाणी पट्टे नाहीत, पोलीसमामा नाहीत. तिथे कसं वागायचं ते आपलं आपणच ठरवायचं. आणि मागच्या सीटवर बसलेली आपली मुलं ते पाहत असतात. आपण शाळेत काय शिकवतो यापेक्षा गाडीत काय करतो, ते त्यांच्या जास्त लक्षात राहतं. बंड्याने मला हे शिकवलं.

मग पुढे काय झालं?

परवाच पुन्हा त्याच बाजारात गेले होते. पुन्हा शनिवार, पुन्हा गर्दी. बाहेर धो धो पाऊस. तळघरात सगळीकडे ओल्या चपलांचे ठसे. एक गृहस्थ तांदळाची पिशवी खांद्यावर घेऊन वाट ओलांडत होते. मागे त्यांची बायको, कडेवर बाळ, हातात मिटलेली ओली छत्री. मी थांबले. हात हॉर्नकडे गेला नाही, स्टिअरिंगवरच ठेवला आणि मनात सुरुवात केली, बे एके बे, बे दुणे चार...

बे सक बारापर्यंत आले आणि मागच्या गाडीने हॉर्न दिला. मग आणखी एकदा. तुम्हाला खोटं कशाला सांगू, माझा पाय थोडा अस्वस्थ झाला. कुणी मागून ढकलायला लागलं, की आपल्यालाही पुढच्याला ढकलावंसं वाटतं. पण मी तशीच थांबले. बे नवे अठरा. बे दाही वीस. ते कुटुंब पलीकडे पोचलं. बाईंनी वळून पाहिलं आणि छत्री धरलेला हात जरासा वर केला.

जागा? ती नाही मिळाली! मागच्याने शेजारच्या वाटेने जाऊन ती पटकावली. मला आणखी एक फेरी मारावी लागली. उगाच असं समजू नका हं, की चांगलं वागलं की लगेच बक्षीस मिळतं. कधीकधी फेरी मारावी लागते.

सोमवारी मी हे वर्गात सांगितलं. बंड्या म्हणाला, “बाई, एक फेरी म्हणजे किती पाढे?”

मी म्हटलं, “तूच मोजून सांग.” तो अजून हिशेब करतोय!

या आठवड्याचा गृहपाठ

१. घरच्यांबरोबर बाजारात जाल, तेव्हा दाराशी सुरक्षित जागी मोठ्यांसोबत दहा मिनिटं उभे राहा. पायी चालणाऱ्यांसाठी किती गाड्या थांबल्या आणि किती तशाच गेल्या, ते वहीत दोन रकान्यांत लिहा. कुणाच्या गाडीचा नंबर मात्र लिहायचा नाही. आपल्याला फक्त मोजायचं आहे.

२. आजी-आजोबांना विचारा, ‘वाट ओलांडताना तुम्हाला कशाची भीती वाटते?’ ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा.

३. आई किंवा बाबा गाडी चालवत असतील आणि समोर कुणी चालत आलं, तर मागून मोठ्याने बेचा पाढा सुरू करा. रागावले, तर बाईंनी सांगितलंय म्हणा!

लिहून मला नक्की पाठवा. चांगल्या नोंदी आपण इथेच छापू.

पुढच्या आठवड्यात भेटूच. तोवर सांभाळून चाला.

तुमच्या,
बाई